मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन झाल्यावर : घरच्यांनी ओळखायच्या खुणा

पालमसारख्या तालुक्याच्या गावात मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन होत नाही. त्यासाठी कुणी नांदेडला जातो, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी हैदराबादला, तर कुणी थेट मुंबईला. घरातली दोन-तीन माणसे रुग्णासोबत पंधरा-वीस दिवस परगावी काढतात. पाहुण्यांकडे, धर्मशाळेत, नाहीतर वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चादर टाकून राहतात. मग एक दिवस डिस्चार्ज कार्ड हातात पडते, गोळ्यांची पिशवी मिळते आणि मंडळी गावाकडे निघतात. दारात भाकर-तुकडा ओवाळून टाकला जातो, भावकी भेटून जाते. सगळ्यांच्या मनात एकच असते, की सुटलो एकदाचे.

मोठा धोका मागे पडलेला असतो हे खरे. पण ज्या सर्जनने ऑपरेशन केले तो आता शेकडो किलोमीटर लांब असतो. दर तासाला बॅटरीने डोळ्यांच्या बाहुल्या बघणारी वॉर्डातली सिस्टर आता नसते. पुढचे दोन-तीन महिने रुग्णाकडे चोवीस तास पाहणारी माणसे म्हणजे त्याची बायको, आई, मुलगा, सून. काही बिघडले तर ते सर्वांत आधी त्यांनाच दिसणार.

आणि दिसतेही. आमच्या भागातली अडचण वेगळीच आहे. दिसलेल्या खुणेला आपण चटकन एक घरगुती नाव देऊन मोकळे होतो. उलटी झाली की ‘पित्त झालं’. झोपून राहिला की ‘ऑपरेशनचा थकवा’. असंबद्ध बोलला की ‘गोळ्यांची गरमी’. ताप आला की ‘ऊन लागलं’. एक पाय सुजला की ‘खाटेवर पडून पडून’. नाव मिळाले की जीव भांड्यात पडतो आणि दोन दिवस निघून जातात. मेंदूच्या बाबतीत हे दोन दिवस फार महाग पडतात. म्हणून या लेखात त्या खुणा आणि त्यांच्यामागची कारणे सांगतो.

कवटीच्या आत जागा नसते

आपला मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. त्याच्याभोवती आणि आतल्या पोकळ्यांत सुमारे दीडशे मिलिलिटर पाणी असते. हे पाणी रोज जवळजवळ अर्धा लिटर नव्याने तयार होते आणि तेवढेच शोषले जाते. मेंदू, हे पाणी आणि रक्त अशा तीन गोष्टी कवटीच्या पक्क्या डब्यात बसलेल्या असतात. एक वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्येच हे मांडून ठेवले आहे.

पोटाच्या ऑपरेशननंतर सूज आली तर पोट फुगते, पण कवटी फुगत नाही. गाठ काढलेल्या जागी सूज आली, रक्त साठले, पू झाला किंवा पाण्याची वाट बंद झाली, तर आतला दाब वाढतो आणि तो मेंदूवरच पडतो. ऑपरेशननंतरचा रक्तस्राव बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतो आणि सूज पहिल्या चार-पाच दिवसांत जास्त असते. त्या काळात रुग्ण दवाखान्यातच असतो. जंतुसंसर्ग, पाणी साठणे, पायातील रक्ताची गुठळी, सोडियम कमी होणे, झटके येणे या गोष्टी मात्र पुष्कळदा घरी आल्यावर, पहिल्या चार ते सहा आठवड्यांत डोके वर काढतात.

पहिला प्रश्न : काल कसा होता?

ऑपरेशननंतर प्रत्येक रुग्ण वेगळा असतो. कुणाचा डावा हात आधीपासूनच कमजोर असतो, कुणाला शब्द आठवत नाहीत. अशा वेळी ‘हात कमजोर आहे का?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. ‘कालच्यापेक्षा जास्त कमजोर आहे का?’ असे विचारायला हवे. रुग्ण दिवसेंदिवस, हळूहळू का होईना, सुधारत जायला हवा. सुधारता सुधारता तो मागे जाऊ लागला, तर त्याला कारण असते आणि ते शोधावे लागते.

यासाठी एक सोपा उपाय सांगतो. घरी आल्याच्या दिवशीच मोबाइलवर रुग्णाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. त्यात त्याला स्वतःचे नाव-गाव सांगायला लावा, हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, चार पावले चालायला सांगा. पुढे शंका आली की तेच पुन्हा करून पाहा आणि जुना व्हिडिओ बाजूला ठेवून ताडून बघा. फरक असेल तर लगेच दिसतो. डॉक्टरांनाही या व्हिडिओचा फार उपयोग होतो.

झोप की ग्लानी?

सर्व खुणांमध्ये मी हिला पहिला क्रमांक देतो, कारण हीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. आमच्या ओपीडीत एक बाई नवऱ्याच्या गोळ्या संपल्या म्हणून चिठ्ठी घ्यायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, “साहेब, बाकी काही नाही, पण हे दोन दिस झालं लईच झोपून राहिलेत. उठवलं तर उठतेत, दोन घास खातेत अन् परत पडतेत.”

“घरी आले तेव्हा असंच होतं का, मावशी?”

“नाही हो. आल्या दिवशी तर वसरीवर बसून सगळ्यांसंगं बोलत होते.”

या दोन वाक्यांवरूनच तातडीने सीटी स्कॅन करायला हवा हे ठरले. स्कॅनमध्ये मेंदूतील पाणी साठल्याचे दिसले आणि पुढचे उपचार वेळेत झाले. डोके दुखत नव्हते, ताप नव्हता, झटका नव्हता. खूण होती ती फक्त वाढलेल्या झोपेची.

ऑपरेशननंतर थकवा येतो, दुपारी दोन-तीन तास झोप लागते, हे ठीक आहे. पण थकलेला माणूस हाक मारल्यावर नीट जागा होतो, आपल्याला ओळखतो, कोणता वार आहे ते सांगतो. ग्लानीतला माणूस डोळे उघडतो, हं-हं करतो आणि बोलता बोलताच परत डोळे मिटतो. जेवताना तोंडात घास धरून बसतो. मुलाला भावाच्या नावाने हाक मारतो. दवाखान्यात आम्ही शुद्ध मोजण्यासाठी १९७४ मध्ये ग्लासगो शहरातील डॉक्टरांनी बनवलेली मोजपट्टी वापरतो. तीत डोळे उघडणे, बोलणे आणि सांगितल्याप्रमाणे हात-पाय हलवणे या तीनच गोष्टी पाहिल्या जातात. त्या घरीही पाहता येतात. यातली एक जरी कालच्यापेक्षा खालावली, तर थांबू नये.

डोकेदुखी आणि उलटी

टाक्यांच्या जागी ठणका लागणे, तो गोळीने कमी होणे आणि रोज थोडा थोडा ओसरणे, ही साधी डोकेदुखी. धोक्याची डोकेदुखी वाढत जाते. पहाटे किंवा सकाळी उठल्यावर जास्त असते, खोकल्याने, वाकल्याने, आडवे झाल्यावर वाढते, आणि गोळी घेऊनही उतरत नाही. तिच्याबरोबर उलटी होत असेल, दिसायला अंधुक किंवा एकाचे दोन दिसत असेल, तर मेंदूतला दाब वाढला आहे असे समजावे. मळमळ नसताना अचानक होणारी उलटी विशेष संशयास्पद. अशा वेळी पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे चुकीचे आहे.

डोके दुखते म्हणून मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि स्टेरॉइड चालू असताना पोटात जखम होऊ शकते. झोपेची गोळी तर देऊच नये. तिने ग्लानी झाकली जाते.

झटका आला तर

मेंदूला चीर गेली की काही रुग्णांना झटके येऊ शकतात. आपल्याकडे कुणी फिट म्हणतात, कुणी मिरगी. सगळेच झटके अंग ताठ होऊन, तोंडाला फेस येऊन येत नाहीत. तोंडाचा एक कोपरा किंवा एकच बोट उडत राहणे, माणूस मिनिटभर एकटक बघत राहणे, अचानक बोलता न येणे, हेही झटकेच.

झटका आला की रुग्णाला जमिनीवर कुशीवर वळवा. आजूबाजूचे दगड, विळी, चूल असे जे लागेल ते दूर करा. गळ्याजवळचे बटण सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी काहीही घालू नका. हात-पाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या पुढे गेला, एकापाठोपाठ दुसरा आला, किंवा झटक्यानंतर माणूस शुद्धीवर येईना, तर लगेच १०८ ला फोन करा. ऑपरेशननंतर आयुष्यातला पहिलाच झटका आला असेल, तर तो थांबला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

झटके न येण्याच्या गोळ्या (लेव्हेटिरासिटाम, फेनिटॉइन वगैरे) एक दिवसही चुकवू नयेत. गोळ्या चुकणे हे झटका येण्याचे एक मोठे कारण आहे. उपास असला, लग्नाला गेलो, गोळ्या संपल्या आणि बाजार मंगळवारी आहे, यातले कोणतेही कारण मेंदूला समजत नाही. मात्र फेनिटॉइन सुरू झाल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड आणि ताप आला, तर पुढची गोळी देण्याआधी लगेच डॉक्टरांना दाखवा. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. माणूस घरच्यांवर खेकसत असेल तर ‘ऑपरेशननं डोकं फिरलं’ असे म्हणण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबा कटर, विहिरीचा काठ, नदीत किंवा शेततळ्यात उतरणे, हे सगळे बंद.

हात-पाय, बोलणे, नजर, गिळणे

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय नव्याने लुळा पडणे, बोबडे बोलणे, समोरच्याचे बोलणे न समजणे, चालताना एका बाजूला झोकांड्या जाणे, नजर कमी होणे. यातली कोणतीही गोष्ट नव्याने दिसली तर ती आणीबाणी समजा. ‘लकवा मारला’ म्हणून झाडपाल्याचे औषध आणायला दुसऱ्या गावी जाऊ नका. लकव्याचे कारण डोक्यातच आहे, आणि सूज किंवा रक्त वेळेत हटवले तर गेलेली ताकद परत येऊ शकते.

मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातील गाठीच्या ऑपरेशननंतर गिळण्याचा त्रास होऊ शकतो. पाणी पिताना ठसका लागणे, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येणे, घास नाकात जाणे या खुणा असतील तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशा रुग्णाला आडवा ठेवून चमच्याने पाणी पाजू नये. गिळता येत नसेल तर तोंडाने काही न देता दवाखान्यात न्यावे.

जखम, आणि जखमेतून येणारे पाणी

टाक्यांभोवतीचा लालपणा वाढत जाणे, गरम लागणे, पू येणे, टाका उसवणे ही जंतुसंसर्गाची चिन्हे सर्वांना ठाऊक आहेत. कमी ठाऊक असलेली खूण म्हणजे स्वच्छ पाणी. जखमेतून पाण्यासारखा द्रव पाझरत असेल, उशी ओली होत असेल, किंवा जखमेखाली मऊ पाण्याची पिशवी फुगत असेल, तर ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. पाणी बाहेर येण्याची वाट म्हणजेच जंतू आत जाण्याची वाट.

पिट्युटरी ग्रंथीची गाठ पुष्कळदा नाकातून काढतात. अशा रुग्णाने पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्याचे थेंब टपकत असतील, किंवा घशात खारट चव येत असेल, तर त्याला सर्दी म्हणू नका. नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे, जड उचलू नये, शौचाला कुंथू नये आणि ताबडतोब सर्जनला कळवावे.

ताप, मान आखडणे, उजेड सहन न होणे आणि ग्लानी हे मेंदूच्या आवरणाला सूज आल्याचे, म्हणजे मेनिंजायटिसचे लक्षण. यात तास मोजले जातात. एक मात्र लक्षात असू द्या. स्टेरॉइड चालू असताना ताप झाकला जातो. ताप नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही, असे धरून चालू नका.

जखमेवर हळद, तेल, कोरफड, भस्म काहीही लावू नये. डोके कधी धुवायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कवटीचे हाड काढून ठेवले असेल तर त्या जागी मार लागू देऊ नये. ती जागा अचानक टणक फुगली तर दवाखाना गाठावा.

सुजलेली पोटरी

मेंदूच्या गाठीच्या रुग्णांमध्ये पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण बरेच असते. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर गुठळीचा संशय घ्यावा. अशा वेळी आपल्याकडे पहिला उपाय होतो तो तेल लावून चोळण्याचा. तो अजिबात करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडते आणि जीवही जाऊ शकतो. गुठळी टाळण्यासाठी रुग्णाला डॉक्टरांच्या सांगण्यानुसार लवकर उठवून चालवावे. ‘आराम कर’ म्हणत महिनाभर खाटेवर झोपवून ठेवणे ही माया रुग्णाला मानवत नाही.

डेक्साची गोळी मनाने बंद करू नका

मेंदूवरची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. १९६१ मध्ये अमेरिकेतील गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी त्याचा उपयोग दाखवून दिला आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचे चित्रच पालटले. औषध मोठे गुणकारी, पण त्याचे दोन नियम आहेत.

पहिला नियम, एकदम थांबवायचे नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत असले की शरीराची स्वतःची ग्रंथी काम थांबवते. दोन-तीन आठवड्यांनंतर गोळी एकदम बंद केली तर प्रचंड अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब घसरणे, चक्कर येऊन पडणे असे होते. शिवाय मेंदूची सूज उसळू शकते. कार्डावर ‘इतके दिवस दोन, मग एक, मग अर्धी’ असा उतरता क्रम लिहिलेला असतो. तो इंग्रजीत असला तर कागदावर मराठीत तारखा घालून लिहून घ्या आणि भिंतीला लावा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर तेही दवाखान्यात येण्याचे कारण आहे.

दुसरा नियम, तिचे दुष्परिणाम ओळखायचे. साखर वाढते, मधुमेह आधी नसला तरी. सारखी तहान, सारखी लघवी, सुस्ती असेल तर ग्लुकोमीटरवर साखर तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती तपासता येते. शौच डांबरासारखे काळे झाले तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. झोप उडणे, भूक फार लागणे, तोंडात पांढरे चट्टे येणे, खाली बसल्यावर मांड्यांत उठण्याची ताकद नसणे, हे सांगावे, पण म्हणून गोळी मनाने बंद करू नये.

ऊन, पाणी आणि मीठ

आपल्या परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवे नाही. त्यामुळे चक्कर, मळमळ, भोवळ आली की सगळ्यांचे बोट उन्हाकडे जाते. मेंदूच्या, विशेषतः पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर मात्र शरीराचा पाण्या-मिठाचा हिशेब बिघडू शकतो, आणि तो दोन्ही बाजूंनी बिघडतो.

एक म्हणजे रक्तातील सोडियम घसरते. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात, म्हणजे पुष्कळदा घरी पोचल्यावर हे होते. डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो, झटकाही येतो. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. दुसरे म्हणजे लघवीवरचा ताबा सुटतो. अर्ध्या-पाऊण तासाला भरपूर लघवी होते आणि तहान काही केल्या भागत नाही. यात आणि उन्हात फरक करण्याची एक सोपी खूण आहे. ऊन लागलेल्या माणसाची लघवी कमी आणि गडद पिवळी होते. इथे ती भरपूर आणि पाण्यासारखी पांढरी असते. पाणी किती प्यावे हे अशा रुग्णाने शेजाऱ्याच्या सल्ल्याने ठरवू नये. कार्डावर लिहिले असेल तसेच वागावे आणि शंका आली की सोडियम तपासून घ्यावे.

याच संदर्भात सलाईनबद्दल बोलले पाहिजे. अशक्तपणा वाटला की ‘डॉक्टर, एक बाटली लावा’ ही आपल्याकडची रीत आहे. मेंदूचे ऑपरेशन झालेल्याला साखरेची म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावली तर मेंदूवरची सूज वाढू शकते, सोडियम आणखी घसरू शकते आणि डेक्सा चालू असेल तर साखरही चढते. म्हणून गावातल्या डॉक्टरकडे गेलात तर आधी डिस्चार्ज कार्ड दाखवा. ऑपरेशनची गोष्ट न सांगता बाटली लावून घेऊ नका.

या गोष्टींना घाबरू नका

सगळ्याच तक्रारी धोक्याच्या नसतात. टाक्यांच्या आसपास बधिरपणा, खाज, मुंग्या येणे हे कातडीच्या नसा जुळताना होते. पहिल्या काही दिवसांत डोळ्याभोवती सूज किंवा निळेपणा येऊन तो उतरत जातो. चावताना कानशिलाजवळ दुखते, कारण तिथला स्नायू कापून परत जोडलेला असतो. काहींना डोके हलवताना आत टक्-टक् किंवा पाणी हलल्यासारखे वाटते. हाड भरून येईपर्यंत ते चालू शकते. लवकर थकणे, गोंगाट सहन न होणे, मन एकाग्र न होणे, मधूनच रडू येणे, हेही पुष्कळांना काही आठवडे होते. कसोटी तीच, की दिवसागणिक कमी होत असेल तर ठीक, वाढत असेल तर दाखवा. मन मात्र सतत खचलेले राहिले, ‘जगून काय करू’ असे बोलणे निघाले, तर रुग्णाला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांना सांगा. त्यावरही उपचार आहेत.

काही आठवडे गेल्यानंतर

गाठीचा बायोप्सी रिपोर्ट पुष्कळदा डिस्चार्जनंतर येतो. रुग्ण बरा दिसतो, पेरणीचे दिवस असतात, आणि रिपोर्ट आणायचा राहून जातो. हे फार नुकसानीचे आहे. गाठ कोणत्या जातीची आहे हे त्याच कागदावरून ठरते. काही गाठींना पुढे काही लागत नाही. काहींना मात्र साधारण चार ते सहा आठवड्यांत किरणोपचार सुरू करावे लागतात. रिपोर्ट कधी आणि कोणत्या खिडकीवर मिळेल, हे निघतानाच लिहून घ्या. केमोथेरपी सुरू झाल्यावर १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, किंवा अंगावर न मार लागता निळे डाग उठले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

महिन्या-दोन महिन्यांनी चाल मंदावणे, पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडणे, विसरभोळेपणा वाढणे, कपड्यांत लघवी होणे ही पाणी साठल्याची चिन्हे असू शकतात. वयस्कर माणसात त्याला ‘वय झालं’ असे म्हणून सोडून दिले जाते. शंट म्हणजे मेंदूतले पाणी पोटात सोडणारी नळी बसवली असेल, तर डोकेदुखी, उलटी, ग्लानी किंवा नळीच्या मार्गावर लालपणा दिसताच ती तपासायला हवी. बरे वाटत असले तरी सांगितलेल्या तारखेचा एमआरआय चुकवू नये. गाठ परत वाढू लागली तर ती आधी स्कॅनमध्ये दिसते, नंतर शरीराला जाणवते.

निघायचे कसे?

वरच्यापैकी काही दिसले तर प्रत्येक वेळी मुंबई-हैदराबादला पळण्याची गरज नसते. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात या. तिथे श्वास, रक्तदाब, साखर तपासून, झटका चालू असेल तर तो थांबवून, सीटी स्कॅन आणि मेंदूच्या सर्जनची सोय असलेल्या ठिकाणी पाठवता येते. दुरून खासगी गाडी ठरवण्यात, पैसे जमवण्यात रात्र घालवू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे आणि तीत ऑक्सिजन असतो. वाटेत रुग्णाला कुशीवर, डोक्याकडची बाजू थोडी उंच करून आणि मान सरळ ठेवून न्या. ग्लानीत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ घरे थांबतात. ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले असेल, तर त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राचा नंबर घेऊन ठेवा आणि पुन्हा भरती व्हावे लागले तर काय करायचे, ते निघण्याआधीच विचारून घ्या.

एका पिशवीत एवढे ठेवा

• डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट, एमआरआयची फिल्म किंवा सीडी. सगळ्यांचे फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये.
• चालू गोळ्यांची यादी, त्यात डेक्सा आणि झटक्याच्या गोळीची मात्रा.
• ऑपरेशनची तारीख, वॉर्डाचा आणि युनिटचा फोन नंबर.
• आणखी किमान आठ दिवस पुरतील एवढ्या गोळ्या.
• शंट, प्लेट किंवा इतर काही बसवले असेल तर त्याचे कार्ड.

हे दिसले तर त्याच क्षणी निघा

• हाक मारून नीट जागा न होणे, ओळख न पटणे, असंबद्ध बोलणे
• वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलटी
• पाच मिनिटांपेक्षा लांबलेला किंवा लागोपाठचा झटका
• नव्याने आलेला लुळेपणा, बोबडेपणा, अंधत्व
• जखमेतून किंवा नाकातून पाणी, पू. ताप आणि आखडलेली मान
• अचानक धाप, छातीत कळ. एकच सुजलेली पोटरी
• काळे शौच. डेक्सा बंद झाल्यावर चक्कर, उलट्या

शेवटचे एक सांगणे. परगावाहून रुग्णाला घेऊन आलात की काही बिघडायची वाट न पाहता, पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळी कागदपत्रे घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात एकदा दाखवून जा. गावातल्या आशाताईलाही सांगून ठेवा. रुग्ण बरा असताना आम्ही त्याला पाहिलेला असला, तर पुढे तुम्ही रात्री दोन वाजता आलात तरी ‘आधी कसा होता?’ हे विचारण्यात आमचा वेळ जात नाही.